कानबाईपुढचा डबा

१६ जून, सोमवार

आजपासून लिहायचं. डायरी औषध कंपनीची. आमच्या ह्यांच्या बियाण्याच्या दुकानात दरवर्षी यायची. हे गेले, दुकान बंद झालं, तरी डायरी येतेच. कंपनीला कुणी कळवलंच नसेल. मी चौथी शिकलेली, काना-मात्रा इकडेतिकडे होईल. होऊ दे, कोण वाचतंय!

लिहायचं कारण म्हणजे माझं घर भरलं. मोहिनी राहायला आली, माझ्या पोराची, वनाची पोरगी. वना आणि सून तिकडे जळगावकडे केळीच्या मळ्यात, पोरगी कॉलेजला इकडे धुळ्यात. इतके दिवस होस्टेलला होती. तेव्हा रविवारीसुद्धा यायची नाही, म्हणायची, आजी, तुझ्याकडे नेटवर्क नाही. आता नेटवर्क कुठून आलं कोण जाणे.

खरी गोष्ट अशी की तिला माझी मागची खोली पाहिजे होती. असू दे. खोली माझीच आहे ना? खोलीसाठी आली तरी ताटावर माझ्याच बसते.

ती रायफल चालवते. रायफल घरी नसते, क्लबच्या तिजोरीत असते. पण गोळ्या घरी भरायच्या. उडवलेल्या गोळीची मागे पितळेची पुंगळी उरते, तीच साफ करून पुन्हा भरतात. विकतच्या एकसारख्या लागत नाहीत म्हणे, तीनशे मीटरवर वीतभर फरक पडतो. मला समोरच्या मेडिकलची पाटी वाचता येत नाही, हिला तीनशे मीटरवरची वीत दिसते! आमची बियाण्याची खोली लोखंडी दाराची, जाड भिंतीची, उंदीर शिरत नाही. क्लबचे झुलाल नाना मिलिटरीतून आलेले. त्यांनी रीतसर परवानगी काढली. पोलीस येऊन दार वाजवून बघून गेले, मी त्यांना चहा पाजला. दुकानाच्या जुन्या टेबलावर आता एक दांड्याचं यंत्र बसलंय.

शेजारची सुमनबाई विचारते, "काय वं, घरमा बॉम्ब करी ऱ्हायनात का?"

म्हटलं, "हो ना, पहिला तुन्याच गच्चीवर टाकसू."

२२ जून, रविवार

आज दुपारभर खोलीत भांडण. गोड भांडण, पण मी दाराशी बसून सगळं ऐकलं.

भांडण साच्यावरून. शेवेच्या सोऱ्यात आपण चकती बदलतो ना, तसा ह्या यंत्रात साचा बसवतात. त्याला डाय म्हणतात. गोळी उडाली की पुंगळी फुगते, तोंड सैल पडतं. दाबून घट्ट केल्याशिवाय नवी गोळी त्यात बसत नाही. आता एक साचा आख्खी पुंगळी दाबतो, दुसरा नुसती मान दाबतो. बाहेरून मागवायचा, तर कुठला मागवायचा?

दुसरी पोरगी सोनल. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी पाडा आहे तिचा. आश्रमशाळेत शिकत होती तेव्हा नानांनी तिचा नेम बघितला आणि इकडे आणली. काळीसावळी, हसरी. मला अक्का म्हणते.

सोनल म्हणाली, "आख्खी दाबणारा घेऊ. मग तुझी मला चालेल, माझी तुला."

मोहिनी म्हणाली, "तुझी मला कशाला? पुंगळी ज्या रायफलीत फुटते, तिच्या आतल्या मापाची होते. ते माप मोडायचंच नाही. नुसती मान दाबायची. मग ती आपापल्या रायफलीत अंगाला शिवल्यासारखी बसते."

"तुझी रायफल आतून सैल आहे. माझी आवळ. तुझी माझ्यात आली तर बोल्ट बंद होणार नाही." बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागची कडी.

"येईलच कशी? खोलीत आपण दोघीच. डबे वेगळे ठेवू."

नानांनी मोहिनीचं ऐकलं. मान दाबणारा साचा ठरला. माझी पोरगी हुशारच आहे.

तिसरा एक साचा आहे, पुंगळीच्या तोंडाला गोळीभोवती मुरड घालणारा. मला तो फार आवडला. म्हटलं, "नाना, हा तर पाहिजेच! करंजीला मुरड घातली नाही तर सारण तेलात."

नाना हसून हसून खाली बसले. "आजी, ह्या पोरी एकेक गोळी हातानं घालणार. धक्का नाही, काही नाही. मुरड कशाला?"

नका घालू बापडे. मी जन्मात बिनमुरडीची करंजी केली नाही, एवढंच सांगते.

५ जुलै, शनिवार

साचा आला. मोहिनीनं यंत्रात बसवला, मी त्याला हळद-कुंकू लावलं. मोहिनीनं लगेच पुसलं. सोनल म्हणाली, "राहू दे ना थोडं, वरच्या नटाला." वरच्या नटाला राहिलं.

पिवळा डबा मोहिनीचा, काळा सोनलचा. दांडा सोनल ओढते, तिच्या हातात जोर आहे. दोघींच्या पुंगळ्यांची मान तीच दाबते. माप घेऊन भरणं मोहिनीचं. सोनल आपल्या पुंगळ्या घासूनपुसून अशा ठेवते की नाकातली चमकी फिकी पडावी. मोहिनीच्या तशाच धुरकट. म्हटलं, "अगं तू पण घास की." म्हणाली, "आजी, चमकून निशाणा लागत नाही."

बाईच्या जातीनं पितळ असं ठेवू नये. पण आता बोलायची सोय राहिली नाही.

१३ जुलै, रविवार

आज मन जरा कडू आहे. खरं लिहिते.

क्लबातून एकीचंच नाव राज्याच्या संघाला जायचं. ऑगस्टात पुण्याला चाचणी आहे, तिथं जी वर राहील ती. आणि नाना आज माझ्या ओट्यावर बसून, माझाच चहा पीत म्हणाले, "आजी, सोनलचा हात दगडासारखा आहे. मोहिनी चांगली आहे, पण सोनल सोनल आहे."

माझ्या चहाची चव गेली.

मोहिनीनं ऐकलं असावं. जेवली नाही. बापाशी फोनवर बोलताना म्हणाली, "तिला जिंकायचंच आहे पप्पा, मला नाही का?"

सोनलचं असं आहे की नाव लागलं तर पोलीसभरतीत खेळाडूंच्या जागेवर तिचा नंबर लागेल. नाही लागलं तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर गुजरातला मजुरीला. ते दरवर्षी जातात, जीप भरून. तिनंच सांगितलं, माझ्या गुडघ्याला तेल चोळता चोळता. मी सांगितलं नव्हतं चोळायला. येते, बसते, चोळते. मोहिनीला मी एकदा सांगितलं होतं, ती म्हणाली बाम लाव.

मला सोनल आवडते. चहा तिला स्टीलच्या पेल्यात देते, कपात नाही. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच. तिनं कधी विचारलं नाही. पण आवडते म्हणून काय झालं? आपलं रक्त ते आपलं रक्त.

देवाला काय मागायचं ते मी मागितलं. लिहीत नाही.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमी झाली. पोरींच्या गोळ्या भरून तयार. नानांनी दोघींना रेंजवर नेऊन एकेक गोळी आपापल्या रायफलीत घालून बघायला लावली. सगळ्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या, असं सोनल सांगत आली. डबे बंद. आता पुण्यालाच उघडायचे, अशी नानांची ताकीद. कुलपाची एक किल्ली मोहिनीकडे, एक माझ्याकडे. घर माझं आहे शेवटी.

मोहिनी जळगावला गेली, शनिवारी आईबापाला घेऊन येईल. रविवारी कानबाई, आमच्या खानदेशची देवी, घरी बसणार!

४ ऑगस्ट, सोमवार

हात दुखतो पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. अशी कानबाई कित्येक वर्षांत झाली नाही.

वना आला, सून आली, चुलत दीर, त्यांच्या सुना, सगळे भाऊबंद. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे गहू मीच निवडले. चौरंगाला केळीचे खांब वनानं आपल्या मळ्यातले आणले, असे हिरवेगार. नारळाला डोळे लावले, नथ घातली. कानबाई बसली की घराचं तोंडच बदलतं. घरातलं सगळं पितळ चिंचेनं घासून लख्ख. समई, तांब्या, घंगाळ.

आणि मला एकदम आठवलं. मोहिनीच्या गोळ्या!

एवढी मोठी लढाई पोरीची, आणि डबा कानबाईपुढं ठेवायचा नाही? सगळे अंगणात होते. मी किल्ली घेतली, खोली उघडली. पिवळा डबा उघडला तर काय, निम्म्या धुरकट! शेजारच्या काळ्या डब्यात सोनलच्या कशा सोन्यासारख्या. माझा जीवच कसनुसा झाला. घरातलं घंगाळ लख्ख आणि लेकराचं हत्यार काळं, कानबाई काय म्हणेल?

चिंच लावली नाही. भरलेल्या आहेत, एवढं मला कळतं. मग सरळ केलं. मोहिनीच्या डब्यातल्या धुरकट काढल्या, सोनलच्या डब्यातल्या चमकत्या मोहिनीच्या डब्यात घातल्या आणि ह्या धुरकट सोनलच्या डब्यात लावून दिल्या. जितक्या काढल्या तितक्याच घातल्या, कुणाचं कमी केलं नाही. गोळी गोळीच ना, एकाच दुकानची, एकाच मापाची. वरून बघितलं तर रंगाशिवाय काही फरक नाही.

पिवळा डबा चौरंगाखाली ठेवला, वर जुन्या पातळाचा पदर टाकला. समई लांब सरकवली. कुणाला सांगितलं नाही, देवीपुढं मागितलेलं सांगत नाहीत. आज पहाटे डबा परत जागेवर ठेवला, मग कानबाईला पांझरा नदीवर बोळवायला घेऊन गेलो. काय गाणी म्हटली बायांनी! मी पण नाचले, गुडघे काही म्हणाले नाहीत.

सोनल काल आली होती, दर्शनाला. बिचारी लांबच उभी राहिली. रोट भाऊबंदांशिवाय देत नाहीत आमच्यात, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. तिला पुरणाची पोळी दिली ओट्यावर. ती म्हणाली, "अक्का, मीपण तुमच्या कानबाईला मागितलं हं!"

काय मागितलं ते मी विचारलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

जिंकली! मोहिनी जिंकली! कानबाई माय, तुला चोळी-पातळ!

पुण्याहून फोन आला तेव्हा मी सुमनबाईकडे मेथी निवडत होते, मेथीसकट उठले. पेढे आणले, गल्लीत वाटले. मेडिकलवाल्याला दोन दिले.

सोनलचं वाईट झालं. अर्ध्यातच तिची रायफल अडली. गोळी आत गेली, बोल्ट बंद होईना. मागे ओढली तर अडकून बसली. वेळ संपला. मोहिनीच्या आवाजात आनंद कमी वाटला, दमली असेल. म्हटलं, "देवीची कृपा." म्हणाली, "हो आजी."

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज नाना आले. चहा नको म्हणाले. हे पहिल्यांदाच.

खोलीत दोघी पोरी आणि नाना. दार उघडंच होतं.

सोनल म्हणाली, "माझ्या डब्यात हिच्या पुंगळ्या होत्या. माझ्या रायफलीत त्या जातच नाहीत. रेंजवर बघितल्या तेव्हा माझ्या एकूण एक जात होत्या."

"म्हणजे मी बदलल्या?" मोहिनी ओरडली. "किल्ली माझ्याकडे म्हणून मी चोर?"

"मी नाव घेतलं का तुझं?"

"डोळ्यांनी घेतलंस!"

नाना म्हणाले, "सोनल, दोघींच्या माना कोण दाबत होतं?"

"मीच."

"मग मिसळल्या कोणी? दाबतानाच मिसळल्यास. आणि रेंजवर घालून बघितल्या म्हणतेस, त्या सगळ्या नाही बघितल्यास."

"बघितल्या सर. आईची शपथ."

"अडकलेली गोळी तोंडावर फुटली असती तर? तुझं गेलं असतं, शेजारचीचं गेलं असतं. चूक झाली म्हण, मी ऐकेन. तू मैत्रिणीवर ढकलतेस. ह्यापुढे रेंजवर येऊ नकोस."

सोनल भिंतीला हात लावून उभी राहिली.

जाताना नानांनी मला विचारलं, "आजी, खोलीत कुणी परकं आलं होतं का, कानबाईच्या गर्दीत?"

मी म्हटलं, "कोण येणार? मोहिनीची सोडली तर किल्ली माझ्याकडेच."

नाना म्हणाले, "तुम्ही हो कशाला," आणि चप्पल घातली.

पोरीला जरा जास्तच बोलले. पण शिस्त पाहिजे, मिलिटरीतला माणूस.

२० ऑगस्ट, बुधवार

सोनल आली. मोहिनी कॉलेजला गेलेली. सोनलची एक चटई आणि कानाला लावायचं ते बोळं राहिलं होतं, ते न्यायला. चेहरा उतरलेला. मला वाईट वाटलं, म्हटलं हिचं मन रमवावं. पेल्यात चहा दिला आणि गोष्ट सांगितली. देवीचं मागणं फळल्यावर सांगायला हरकत नसते.

सांगितली सगळी. चिंच, घंगाळ, डबा, धुरकट-चमकत्या, पदर, समई. हसेल म्हणून सांगितली.

ती हसली नाही. पेला खाली ठेवला. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"अक्का, कुठल्या काढल्या तुम्ही?"

"तुझ्या चमकत्या गं. तू ठेवतेसच इतक्या छान."

"आणि तिच्या माझ्यात घातल्या."

"जितक्याला तितक्या. कमी नाही केल्या."

तिनं तोंडावर हात दाबला. हसते की रडते मला कळेना. मग माझा हात धरला. "अक्का, हे सरांना सांगाल? एवढंच सांगा. जसं मला सांगितलं तसं."

"सांगते की, त्यात काय!"

"मोहिनीलापण सांगा. मी तिला चोर समजले."

चहा तसाच टाकून गेली. पळतच गेली म्हणायचं. पोरीचं काही कळत नाही. पण जाताना पाया पडली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी मोहिनीला सांगितलं. पोळी लाटता लाटता सांगितलं. ती फोन बघत होती, तिनं फोन ठेवला. माझं बोलणं ऐकायला पोरीनं फोन ठेवला, हे पहिल्यांदाच झालं.

सगळं ऐकून ती पांढरी पडली. म्हणाली, "आजी, कुणाला सांगितलंस?"

"सोनलला. नानांना सांगायचंय."

तिनं गॅस बंद केला. माझ्याजवळ खाली बसली, लहानपणी बसायची तशी. "आजी, देवीपुढचं बाहेर सांगतात का?"

"फळल्यावर सांगतात."

"अजून कुठं फळलंय? संघात नाव लागलंय फक्त. पुढं मोठी स्पर्धा आहे. आता सांगितलंस तर सगळं जाईल."

"सोनलला मी शब्द दिलाय गं."

"मी तुझी कोण? सोनल तुझी कोण?"

बोलणं खरं होतं. तरी मला विचारावंसं वाटलं, म्हटलं, "मोहिनी, त्या गोळ्यांनीच तिची रायफल अडली का?"

ती उठली. "तुला त्यातलं काय कळतं, आजी," म्हणाली. नंतर माझ्या गुडघ्यांना बाम लावून दिला. स्वतःच्या हातानं. देवधर्मावर विश्वास बसला पोरीचा, हे केवढं!

२३ ऑगस्ट, शनिवार

नानांचा फोन. मोहिनी समोरच बसलेली.

"आजी, सोनल काहीतरी भलतंच सांगतेय. तुम्ही डबे उघडले, गोळ्या बदलल्या म्हणे. कानबाईसाठी."

मोहिनी माझ्याकडे बघत होती. ह्यांचे डोळे आहेत तिला, तस्सेच.

म्हटलं, "नाही हो नाना. मला काय कळतं त्यातलं."

"मला वाटलंच," नाना म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं नाव घेते. इतकी वर्षं शिकवली पोरीला, आणि हे."

फोन ठेवला. मोहिनीनं माझा हात दाबला. रात्री जेवण गेलं नाही, पित्त झालं असेल.

२ नोव्हेंबर, रविवार

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलं की काही सुचत नव्हतं. दिवाळी जळगावला झाली. सुनेनं नवी साडी दिली, जांभळी.

आज जळगावात मोहिनीचा सत्कार. हॉल भरलेला. नाना धुळ्याहून आलेले. मला स्टेजवर बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, ज्या आजींच्या घरात ही गोळी घडली त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मी कधी माईकसमोर बोलले नाही. उठले. एवढी माणसं माझ्याकडे बघत होती. वाटलं कानबाईचंच सांगावं, माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं आहे काय? म्हटलं, "आमच्याकडे कानबाई बसली होती, तेव्हा मी..."

मोहिनीनं मागून माझ्या दंडाला धरलं. जोरात. अजून वळ आहे.

मी म्हटलं, "तेव्हा मी देवीला मागितलं. बाकी माझ्या नातीची मेहनत." टाळ्या पडल्या. फार टाळ्या. वनाच्या डोळ्यांत पाणी.

संध्याकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. सोनल होती. मागे गाडीचा आवाज, माणसांची बोलाचाली, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"अक्का, मोबाईलवर तुमचा कार्यक्रम दिसला. कुणीतरी लाईव्ह केला होता. साडी छान होती."

"सुनेनं दिली गं. तू कुठं?"

"गुजरातच्या सीमेवर आहे. जीप थांबलीय जेवायला. उद्या सकाळी शेतावर पोहोचू." मग म्हणाली, "तुम्ही बोलायला उभ्या राहिल्या ना अक्का, कानबाई म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं..."

"काय वाटलं गं?"

"काही नाही. ताट तसंच ठेवून ऐकत होते मी."

मला बोलायचं होतं काहीतरी. पण मोहिनी शेजारच्या खोलीत होती. म्हटलं, "जेवून घे. गार होईल."

"हो अक्का," म्हणाली. तिकडे कुणीतरी गाडी निघाली म्हणून ओरडलं आणि फोन बंद झाला.

मोहिनीनं आतून विचारलं, "कोण होतं?"

म्हटलं, "राँग नंबर."

उगाच तिची झोप जायची. परवा तिला मोठ्या स्पर्धेला निघायचंय, हात स्थिर पाहिजे.